लोड बॅलन्सर: बसवायला पाच मिनिटं, काढायला किती?

१६ जुलै २०२१ ला दुपारी एक वाजता महाराष्ट्रात दहावीचा निकाल लागला. कोविडमुळे त्या वर्षी परीक्षाच झाली नव्हती, गुण अंतर्गत मूल्यमापनावर दिले होते, पण निकाल बघायची घाई नेहमीचीच. पंधरा लाखांहून जास्त मुलं आणि त्यांच्यामागे आईवडील, मामा-मावश्या, क्लासवाले असे सगळे एकदमच ऑनलाइन आले आणि निकालाची पानं कित्येक तास उघडेनात. असं काही झालं की ‘लोड बॅलन्सर का नाही बसवला?’ हा प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा एखादं यंत्र असतं. विकत आणलं, लावलं, की गर्दी आपोआप वाटली जाते, असं काहीतरी.

प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा एक साधं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर असतं. ते बसवायचं कसं, हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने सापडतात. ते काढायचं कसं, याबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. म्हणून या लेखात दोन्ही.

हे नेमकं करतं काय?

सरकारी दवाखान्यातली केसपेपरची खिडकी आठवा. पेशंट थेट डॉक्टरांच्या खोलीत घुसत नाही. आधी खिडकीवर जातो, तिथला माणूस केसपेपर काढतो आणि सांगतो, ‘चार नंबरला जा.’ कुठल्या खोलीत डॉक्टर आलेत, कोण चहाला गेलेत, कुठे रांग कमी आहे, हे त्याला ठाऊक असतं.

लोड बॅलन्सर म्हणजे ती खिडकी. वेबसाइट चालवणारे खरे सर्व्हर मागच्या खोल्यांत असतात. त्यांना बॅकएंड म्हणतात. बाहेरच्या जगाला फक्त खिडकीचा पत्ता माहीत असतो. आलेली प्रत्येक मागणी लोड बॅलन्सर कुठल्या तरी बॅकएंडकडे पाठवतो, उत्तर आलं की ते वाचणाऱ्याला परत देतो.

कोणाकडे पाठवायचं, याच्या काही पद्धती आहेत. सर्वांत साधी राउंड रॉबिन: पहिली मागणी एकाकडे, दुसरी दुसऱ्याकडे, आळीपाळीने. दुसरी, ज्याच्याकडे सध्या कमी जोडण्या चालू आहेत त्याच्याकडे. तिसरी, वाचणाऱ्याच्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरच्या त्याच्या जोडणीचा क्रमांक) ठरवायचं, म्हणजे तोच माणूस दरवेळी त्याच सर्व्हरकडे जातो. ही तिसरी पद्धत कागदावर छान दिसते, पण मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. मग ते हजारो लोक एकाच सर्व्हरवर जाऊन पडतात आणि बाकीचे सर्व्हर माशा मारत बसतात.

कोणतं सॉफ्टवेअर?

पर्याय बरेच आहेत. इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये लोकांसाठी खुलं केलेलं एनजिनएक्स हे मुळात वेब सर्व्हर, पण हेही काम करतं. एफ५ सारख्या कंपन्यांची महागडी यंत्रंही असतात. मी इथे एचएप्रॉक्सीचं उदाहरण घेतो. विली तारो यांनी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर २००१ पासून मुक्त स्रोत आहे आणि या एकाच कामासाठी बनलेलं आहे. ज्याचं काम एकच, ते समजायला सोपं.

बसवणं

सर्व्हरवर उबुंटू किंवा डेबियन ही लिनक्स कार्यप्रणाली असेल तर एचएप्रॉक्सीचं पॅकेज मिळतं, म्हणजे तयार बांधलेलं गाठोडं. एपीटी या साधनाला ‘एचएप्रॉक्सी इन्स्टॉल कर’ असा एका ओळीचा आदेश दिला, की ते गाठोडं उतरतं, उघडतं, एचएप्रॉक्सी नावाचा वेगळा वापरकर्ता तयार होतो, कॉन्फिगरेशनची (म्हणजे सूचनांची) फाइल ईटीसी फोल्डरात पडते आणि सेवा चालूही होते. यात खरंच पाच मिनिटं जात नाहीत.

पण चालू झालं तरी ते काही करत नाही. सुरुवातीच्या फाइलीत एकही पत्ता दिलेला नसतो. खिडकी बांधली, पण अजून काच बंद आहे. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर थोडं उलटं असतं: तिथे सेवा आपोआप चालू होत नाही, आणि एसईलिनक्स नावाचा पहारेकरी एचएप्रॉक्सीला भलत्याच पोर्टवरच्या (पोर्ट म्हणजे मशीनचं क्रमांक दिलेलं दार) बॅकएंडशी बोलू देत नाही. सगळं बरोबर लिहूनही जोडणी होत नसेल, तर नवशिक्याची अख्खी दुपार या पहारेकऱ्यापायी जाते. त्याला कायमचं झोपवू नका; त्याच्यासाठी एक परवानगीचं बटण आहे, ते दाबा.

आता फाइल. तिच्यात चार भाग असतात. पहिल्यात साऱ्या सॉफ्टवेअरच्या सूचना, दुसऱ्यात सर्वांना लागू असलेल्या वेळमर्यादा वगैरे, तिसऱ्यात फ्रंटएंड म्हणजे बाहेरच्यांसाठीचा पत्ता व पोर्ट, आणि चौथ्यात बॅकएंडची यादी. प्रत्येक बॅकएंडच्या ओळीच्या शेवटी ‘चेक’ हा शब्द लिहायचा. तो विसरलात तर मेलेल्या सर्व्हरकडेही लोक जात राहतील.

‘चेक’ लिहिलं की एचएप्रॉक्सी दर दोन सेकंदांनी प्रत्येक बॅकएंडचं दार वाजवून बघतं. सलग तीनदा उत्तर आलं नाही तर तो सर्व्हर यादीतून बाजूला. पुन्हा सलग दोनदा नीट उत्तर दिलं की आत. म्हणजे सर्व्हर पडल्यापासून सहा-एक सेकंद काही वाचणाऱ्यांना त्रास होणार, हे गृहीत धरायचं.

इथे एक खोच आहे. नुसतं ‘चेक’ म्हणजे पोर्ट उघडा आहे का, एवढंच बघणं. खोलीचं दार उघडं आहे, पण आत डॉक्टर नाहीत, हे त्यातून कळत नाही. डेटाबेसशी नातं तुटलेला सर्व्हर दर मागणीला क्षणात ‘एरर ५००’ देऊन मोकळा होतो. मोकळा झाला म्हणून ‘कमी जोडण्या’वाली पद्धत त्यालाच आणखी माणसं देते! सगळ्यांत बिघडलेल्या सर्व्हरकडे सगळ्यांत जास्त गर्दी. म्हणून तपासणी एखादं खरं पान मागून करावी, आणि ते पान डेटाबेसला हात लावून येणारं असावं.

फाइल जपून ठेवली की लगेच सेवा पुन्हा चालू करायची घाई नको. एचएप्रॉक्सीला आधी ‘फक्त फाइल तपास’ असं सांगता येतं. एक अक्षर चुकलं असेल तर ते ओळ क्रमांकासकट दाखवतं. मग ‘रीलोड’ करायचं, ‘रीस्टार्ट’ नाही. रीस्टार्टमध्ये चालू जोडण्या तुटतात. रीलोडमध्ये जुनी प्रक्रिया हातातलं काम संपवते आणि नवी माणसं नवी प्रक्रिया घेते. २०१७ मध्ये आलेल्या १.८ आवृत्तीपासून तर या बदलात एकही जोडणी हरवू नये अशी सोय आहे.

पोर्टवरून भांडण

वेबसाइटची नेहमीची पोर्ट दोन: ८० आणि ४४३. एका पत्त्यावर एका पोर्टवर सहसा एकच सॉफ्टवेअर बसतं. लोड बॅलन्सर त्याच मशीनवर टाकला जिथे अपाची हे वेब सर्व्हर सॉफ्टवेअर आधीच ८० वर बसलंय, तर एचएप्रॉक्सी ‘पत्ता आधीच वापरात आहे’ म्हणून सुरूच होत नाही. मग अपाचीला ८०८० वर हलवायचं. बदल छोटा आहे, पण कुठेतरी लिहून ठेवा. काढताना तो उलटा करायचा आहे.

बसवल्यावर गुपचूप बदलणाऱ्या गोष्टी

साइट उघडली, सगळे खूश. पण आत काही गोष्टी सरकलेल्या असतात.

पहिली, वाचणारा कोण हे बॅकएंडला दिसेनासं होतं. त्याच्या दृष्टीने सगळ्या मागण्या लोड बॅलन्सरकडूनच येतात. ‘एका पत्त्यावरून मिनिटाला शंभरापेक्षा जास्त मागण्या आल्या तर अडवा’ असा नियम साइटच्या प्रोग्राममध्ये, म्हणजे अ‍ॅपमध्ये असेल, तर ते सगळ्या जगालाच अडवतं. उपाय म्हणून लोड बॅलन्सर प्रत्येक मागणीवर एक चिठ्ठी डकवतो: मूळ माणूस अमुक पत्त्यावरून आलाय. या चिठ्ठीला एक्स-फॉरवर्डेड-फॉर म्हणतात. ती वाचायला आणि तिच्यावर विश्वास ठेवायला अ‍ॅपला शिकवावं लागतं. ही चिठ्ठी लक्षात ठेवा.

दुसरी, लॉगिन. एका सर्व्हरवर लॉगिन केलं, पुढची मागणी दुसऱ्याकडे गेली, तो म्हणतो, ‘कोण तुम्ही?’ एक तर लॉगिनची माहिती सगळ्यांच्या सामायिक जागी ठेवायची, नाही तर लोड बॅलन्सरला कुकीवरून (ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या खुणेवरून) माणूस ओळखून त्याच सर्व्हरकडे पाठवायला सांगायचं.

तिसरी, वेळमर्यादा. डेबियनच्या मूळ फाइलीत बॅकएंडच्या उत्तराची वाट पन्नास सेकंद बघितली जाते. पूर्वी दोन मिनिटं घेऊन का होईना, पण येणारा वर्षअखेरचा अहवाल आता ‘एरर ५०४’ देतो. दोष लोड बॅलन्सरचा असतो, शिव्या अकाउंट्सचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला बसतात.

आणि एचटीटीपीएसचं, म्हणजे साइटशी सुरक्षित जोडणीचं, प्रमाणपत्र. ते बहुधा लोड बॅलन्सरवर हलतं, त्याच्या गुप्त किल्लीसकट.

पण लोड बॅलन्सरच पडला तर?

रास्त शंका. खिडकीवरचा माणूसच आला नाही तर डॉक्टर असून उपयोग नाही. म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी दोन लोड बॅलन्सर ठेवतात आणि त्यांच्यात एक तरंगता आयपी पत्ता असतो. कीपअलाइव्हड नावाचं सॉफ्टवेअर हे सांभाळतं. मुख्य मशीन साधारणपणे दर सेकंदाला ‘मी आहे’ म्हणत राहतं. तीन-एक सेकंद आवाज आला नाही की दुसरं मशीन तो पत्ता स्वतःकडे घेतं. मात्र मशीन जिवंत आणि आतलं एचएप्रॉक्सी मेलेलं, ही परिस्थिती त्याला आपोआप कळत नाही. ‘एचएप्रॉक्सी चालू आहे का तेही बघ’ असं वेगळं लिहावं लागतं.

त्यापेक्षा मोठा सर्व्हर घेतला तर?

बऱ्याचदा हेच शहाणपणाचं असतं. शाळेची, पतसंस्थेची, सोसायटीची साइट एका बऱ्यापैकी सर्व्हरवर आरामात चालते. आणि अडचण डेटाबेसची असेल तर समोर दहा सर्व्हर लावूनही फरक पडत नाही. दहाही जण त्याच एका डेटाबेसपुढे रांग लावतात. निकालासारखी, एकदा तयार झाली की न बदलणारी पानं असतील तर ती आधीच बनवून ठिकठिकाणी साठवून ठेवणं जास्त कामाचं. लोड बॅलन्सर गर्दी वाटतो, कमी करत नाही.

मग काढायची वेळ का येते?

साइट क्लाउडवर, म्हणजे एखाद्या कंपनीच्या भाड्याच्या सर्व्हरांवर, जाते आणि तिथला तयार लोड बॅलन्सर वापरायचा ठरतो. किंवा गर्दी ओसरते, दोनाचा एक सर्व्हर होतो. मशीन जुनं होतं. किंवा एचएप्रॉक्सी सोडून एनजिनएक्सवर जायचं असतं. आणि मग कोणीतरी उत्साही माणूस बसवण्याचा आदेश उलटा फिरवतो: ‘रिमूव्ह’. दुसऱ्या सेकंदाला साइट बंद.

कारण सरळ आहे. बसवताना सॉफ्टवेअर आधी येतं आणि लोक नंतर. काढताना लोक आधी हलवायचे, सॉफ्टवेअर सर्वांत शेवटी. खिडकी पाडण्याआधी फाटकावरची ‘केसपेपरसाठी इकडे’ ही पाटी बदलावी लागते.

पाटी म्हणजे डीएनएस, साइटचं नाव कुठल्या आयपी पत्त्यावर न्यायचं ते सांगणारी नोंद. या नोंदीला टीटीएल असतो: ती किती सेकंद लक्षात ठेवायची ते. तो एक दिवसाचा, म्हणजे ८६,४०० सेकंदांचा असेल, तर पत्ता बदलल्यावरही काही लोक दिवसभर जुन्याच ठिकाणी येत राहतील. म्हणून आधी टीटीएल ३०० सेकंदांवर आणायचा आणि एक दिवस काहीच करायचं नाही. जुना टीटीएल जगभरातून विरून जायला तेवढा वेळ लागतो. मगच पत्ता बदलायचा.

घाई असेल तर दुसरा मार्ग आहे: लोड बॅलन्सरचाच आयपी पत्ता उचलून सर्व्हरला द्यायचा. डीएनएसला हातही लावावा लागत नाही. पण तो सर्व्हर त्याच नेटवर्कमध्ये असला पाहिजे, आणि काही सेकंदांचा झटका बसतोच.

पत्ता बदलण्याआधी सर्व्हरची बाजू तयार हवी. अ‍ॅप फक्त आतल्या पत्त्यावर ऐकत असेल, तर बाहेरून येणाऱ्याला ते सापडणारच नाही. फायरवॉलमध्ये (कोणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या जाळीत) ‘फक्त लोड बॅलन्सरकडून आलेलं आत घ्या’ असा नियम असेल, तर सगळे बाहेर. प्रमाणपत्र आणि किल्ली सर्व्हरवर आणायला हवी, आणि त्याचं नूतनीकरणही. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेची नेहमीची प्रमाणपत्रं ९० दिवसांची असतात. नूतनीकरण जुन्या मशीनवरच राहिलं तर आज सगळं ठीक, आणि दोन-अडीच महिन्यांनी एका सकाळी ब्राउझर लाल पाटी दाखवतो. तोवर काढणाऱ्याला आपण काय काढलं तेही आठवत नसतं.

सगळे सर्व्हर एकदम न काढता एकेक काढायचे असतील तर ‘ड्रेन’ वापरा. एचएप्रॉक्सी त्या सर्व्हरला नवी माणसं देणं थांबवतं. आधीपासून त्याला चिकटलेली माणसं मात्र काम पुरं करू शकतात. जोडण्या शून्यावर आल्या की तो सर्व्हर बिनधास्त बंद करा.

पत्ता बदलल्यावर जुन्या लोड बॅलन्सरची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडी ठेवा. मागण्या हळूहळू कमी होत जातात. पूर्ण शून्य कधीच होत नाहीत, कारण जगभरातले बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्राम, जुने पत्ते ठोठावत राहतात. खरी माणसं दिसेनाशी झाली की पुरे.

आता सेवा बंद करा, पण सॉफ्टवेअर काढू नका. आठवडाभर तसंच राहू द्या. काही अडलं तर एका आदेशात परत चालू. बंद करताना ‘डिसेबल’ही करा, नाही तर वीज गेल्यावर किंवा अपडेटनंतर मशीन पुन्हा सुरू होईल आणि एचएप्रॉक्सीही जागं होईल. अपाचीला तुम्ही त्याच मशीनवर ८० वर परत आणलं असेल, तर जो आधी उठेल त्याला पोर्ट मिळेल आणि दुसरा पडेल. रात्री दोन वाजता हे कोडं सोडवणं नको वाटतं.

दोन मशीनची जोडी असेल तर कीपअलाइव्हडला विसरू नका. एचएप्रॉक्सी गेलं आणि तरंगता पत्ता तिथेच राहिला, तर येणारा प्रत्येक जण बंद दारावर आपटतो.

रिमूव्ह की पर्ज?

शेवटी काढायची वेळ आली की डेबियन-उबुंटूवर दोन शब्द भेटतात. ‘रिमूव्ह’ सॉफ्टवेअर काढतं, कॉन्फिगरेशन ठेवतं. ‘पर्ज’ पॅकेजने आणलेलं कॉन्फिगरेशनही नेतं. पर्ज करण्याआधी ती फाइल दुसरीकडे जपून ठेवा. पुढच्या खेपेला तीच उपयोगी पडते.

पण पर्जलाही मर्यादा आहे. तुम्ही स्वतः त्या फोल्डरात ठेवलेल्या फाइली पॅकेजला माहीत नसतात, म्हणून त्या तशाच राहतात. आणि तिथे सहसा काय ठेवलेलं असतं? प्रमाणपत्राची गुप्त किल्ली. मशीन पुढे भंगारात किंवा दुसऱ्या विभागाकडे जातं तेव्हा किल्ली सोबत जाते. ती हाताने पुसा. फायरवॉलमधला जुना नियम, देखरेख करणाऱ्या सॉफ्टवेअरमधला जुना पत्ता, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) सेटिंगमध्ये घातलेली ओळ, हेही तुमचंच काम. ‘ऑटोरिमूव्ह’ चालवणार असाल तर ते काय काय काढणार, ती यादी वाचल्याशिवाय होकार देऊ नका.

साइट चालू आहे, म्हणजे झालं ना?

मला विचाराल तर सर्वांत धोक्याची जागा हीच. लोड बॅलन्सर बसवल्यावर काही महिन्यांत त्याच्या फाइलीत नियम साचत जातात. अ‍ॅडमिनचं पान फक्त ऑफिसमधूनच उघडावं. एचटीटीपीवर आलेल्याला एचटीटीपीएसवर ढकलावं. एका पत्त्यावरून फार मागण्या आल्या तर थोपवावं. लोड बॅलन्सर गेला की हे नियमही गेले, आणि कोणाला पत्ता लागत नाही, कारण साइट नेहमीपेक्षा जास्तच छान उघडते. अडवणारं कोणी उरलेलं नसतं.

आणि ती चिठ्ठी. अ‍ॅपला आपण शिकवलं होतं की एक्स-फॉरवर्डेड-फॉरमध्ये लिहिलेल्या पत्त्यावर विश्वास ठेव. आता चिठ्ठी लावणारा नाही, पण विश्वास ठेवणारा आहे. बाहेरचा कोणीही स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून पाठवू शकतो: मी ऑफिसच्या पत्त्यावरून आलोय. अ‍ॅप ते खरं मानतं. म्हणून पत्ता बदलण्याच्या आधी फाइल ओळीगणिक वाचून प्रत्येक नियम कुठे जाणार ते ठरवा, आणि बदलताना त्याच तासाला अ‍ॅपमधला तो विश्वास काढून टाका.

क्लाउडमध्ये हे सगळं आपोआप होतं ना?

काही भाग, हो. अ‍ॅमेझॉनचा लोड बॅलन्सर एखादा सर्व्हर काढताना चालू मागण्यांसाठी स्वतःहून ३०० सेकंदांपर्यंत थांबतो; ही मुदत बदलता येते. पॅकेज, पोर्ट, पर्ज या भानगडी नाहीत. पण डीएनएस, प्रमाणपत्र, साचलेले नियम आणि चिठ्ठीवरचा विश्वास तिथेही तसेच राहतात. शिवाय तिथे बसून राहिलेला लोड बॅलन्सर रिकामा असला तरी तासाचं भाडं चालू असतं, त्यामुळे आठवडाभर ठेवून बघायचं तर त्याचे पैसे धरा.

मागे एकच सर्व्हर उरला, तर काढूच का?

बरेच जण ‘आता वाटायचं काय?’ म्हणून काढतात. माझं मत उलटं आहे. प्रमाणपत्र, ऑफिसपुरता अ‍ॅडमिन, गर्दी थोपवणं ही कामं तोच करत असेल, तर एका बॅकएंडपुढेही त्याला राहू द्या. एचएप्रॉक्सी जागा आणि मेमरी फार खात नाही, आणि उद्या दुसरा सर्व्हर आला तर फाइलीत एक ओळ वाढवून रीलोड करायचं, बस. काढायचा तो तेव्हाच, जेव्हा ते मशीनच जाणार असेल, किंवा त्याच्या सुरक्षा-अपडेटकडे बघायला कोणी उरलं नसेल. इंटरनेटकडे तोंड करून बसलेलं, वर्षानुवर्षं अपडेट न झालेलं सॉफ्टवेअर ठेवण्यापेक्षा वर सांगितलेली सगळी उठाठेव परवडते.